बियाण्याची भाजी

आमच्या आईला अमेरिकेत आल्यावर एकाच गोष्टीची खरी उणीव भासली आणि ती म्हणजे अंबाडी. माणसं फोनवर भेटत होती, गणपती शाळेच्या कॅफेटेरियात का होईना पण बसत होता, भाकरीचं पीठ डेट्रॉइटच्या बाजूला एका गुजराती दुकानात मिळत होतं. अंबाडी मात्र नव्हती. बाबांच्या ऑफिसातल्या तेलुगू बायका तिला गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्याच, लोणच्याची बाटली आणून देत. आई ती हसून घ्यायची आणि त्या गेल्यावर म्हणायची, "लोणचं ते लोणचं. पाला शिजवून, कण्या घालून, वरून लसणाची फोडणी ओतली की घरभर वास सुटतो, ते याच्यात कुठं आलं?" ती यवतमाळकडची, शेतकऱ्याच्या घरातली. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात तिने लसणाची फोडणी घातली की छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायचा, मग बाबा स्टुलावर चढून वर्तमानपत्राने वारा घालत बसायचे. माझ्या त्या वयाचा आवाज कोणता असं कुणी विचारलं, तर मी त्या भोंग्याचा सांगेन.

बाबांचा जीव ग्रीन कार्डात अडकलेला होता. अर्ज केला होता, तो कुठल्या टेबलावर पडला आहे ते कळत नव्हतं. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवसही वाईट होते. ऑफिसात रोज कुणाचं तरी सामान खोक्यात भरलं जायचं, विमानतळावर आम्हाला हमखास बाजूला काढायचे. त्यामुळे बाबा लाल दिव्याला जरा जास्तच मागे गाडी थांबवत, लायब्ररीचं पुस्तक आदल्या दिवशीच परत करत, आणि मी शाळेतून आले की पहिला प्रश्न, "कुणाशी वाद वगैरे नाही नं झाला?" मला त्यांचा राग यायचा. आता माझी मुलगी तेव्हाच्या माझ्याएवढी झाली आहे आणि तिला माझा येतो.

आमच्या शेजारी वॉल्ट आणि डॉटी नावाचं म्हातारं जोडपं राहायचं. वॉल्टने मोटारीच्या कारखान्यात सुटे भाग घडवण्यात जन्म घालवला होता, निवृत्त झाल्यावर तो परसात टोमॅटो, मका, पालेभाज्या लावायचा. डॉटीला मज्जातंतूंचा आजार होता. ती चाकाच्या खुर्चीत पुढच्या ओसरीवर बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवून शब्द विचारायची. आईचं इंग्रजी जेमतेम, तरी दोघींचं मेतकूट जमलं होतं. आई शिरा घेऊन जायची, डॉटी तिला अमेरिकन भाज्यांची नावं शिकवायची. एकदा माझ्यासमोर डॉटीच्या पायात पेटका आला. पाय आपोआप वर उचलला गेला, बोटं वाकडी झाली, आणि एरवी थट्टेखोर असलेल्या त्या बाईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी विसरलेले नाही. वॉल्ट तिला आत घेऊन गेला. थोड्या वेळाने ती परत बाहेर आली ती शांत, पाय सैल सोडलेले आणि हातात तेच शब्दकोडं. आम्हाला वाटलं, डॉक्टरांनी चांगलं औषध दिलं आहे.

त्या उन्हाळ्यात डॉटीला न्यूमोनिया झाला आणि वॉल्ट तिला घेऊन हॉस्पिटलात गेला. जाताना आईच्या हाती पाण्याची नळी देऊन म्हणाला, "झाडांना पाणी घाला, आणि हव्या त्या पालेभाज्या खुशाल तोडून न्या. नाहीतरी वाया जातील." आईला असं सांगणं म्हणजे अख्खं वावर तिच्या नावावर करणं. ती कंबर कसून पाणी घालायला गेली आणि कुणी सांगितलं नव्हतं तिथेही घातलं. गॅरेजच्या मागे, मक्याच्या आडोशाला एक उन्हाचा तुकडा होता. तिथून ती धावतच घरी आली. बाबा सांगायचे, लग्नानंतर तिला इतकं धावताना त्यांनी पाहिलंच नव्हतं.

"अहो, अंबाडी भेटली!"

मी तेव्हा सुट्टीपुरती एका आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होते. संध्याकाळी घरी आले तर भोंगा कोकलत होता, बाबा स्टुलावर होते आणि कढईत हिरवीगार भाजी होती. कण्या म्हणून तिने तांदूळ भरडून घातले होते. मी उभ्याउभ्याच भाकरीच्या तुकड्यावर भाजी घेऊन दोन घास खाल्ले. वास उग्र होता आणि आंबटपणाचा पत्ता नव्हता. "इथल्या मातीतच आंबटपणा नाही," असा निकाल देऊन आईने वर लिंबू पिळलं होतं. बाबांनी तीनदा वाढून घेतली आणि जेवून सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपी गेले. आई ओट्याशी उभी राहून तिच्या वडिलांच्या एकेका बैलाचं नाव मला सांगू लागली, कुठला मारका होता, कुठल्याला पोळ्याला काय रंग लावला होता. ते त्या पाल्यामुळे होतं की माहेराच्या आठवणीने, हे मला आजही सांगता येत नाही. खरकटं टाकायला मी कचऱ्याचा डबा उघडला. वर्तमानपत्रावर मुळं, देठ आणि उरलेली चार पानं पडली होती. हाताच्या पंजासारखी, कडेला करवतीसारखे दात असलेली ती पानं मी ओळखत होते. शाळेत ड्रग्जबद्दलच्या वर्गात भिंतीवर तीच लावलेली होती, आणि मागच्या बाकावरच्या मुलांच्या टी-शर्टवरही तीच असायची.

"आई, हे काय आहे?"

"अंबाडी. आत्ता खाल्ली नं?"

"आई, धिस इज नॉट अंबाडी. धिस इज पॉट! गांजा आहे हा, गांजा!"

बाबा कसे जागे झाले कुणास ठाऊक, पण सोफ्यावरून ताडकन उठले आणि आधी पडदे ओढले. मग घरातल्या घरात कुजबुजत म्हणाले, "सोमवारी ऑफिसात ड्रग टेस्ट झाली तर? इमिग्रेशनला कळलं तर?" उरलेली भाजी त्यांनी सिंकमध्ये ओतली आणि नळ सोडून तसेच उभे राहिले. आई मात्र मानायला तयार नव्हती. जन्मभर अंबाडी खाल्लेल्या बाईला अमेरिकेत वाढलेली पोर अंबाडी शिकवते म्हणजे काय! शेवटी मी तिचा हात धरून तिला गॅरेजमागे नेलं. उन्हं अजून होती. तिथे दोन झाडं उभी होती. आईने एकाच्या खोडावरून बोट फिरवलं, परत फिरवलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काटे नाहीत," ती हळूच म्हणाली. "देठाला लालीबी नाही. मले दिसलं कसं नाही?" गरजवंताला अक्कल नसते ही म्हण ती आम्हाला कितीदा तरी ऐकवायची. त्या दिवशी कुणी तिला ऐकवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉल्टची गाडी आली. डॉटी बरी होती, पण थकलेली. बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं, "तू जाणार नाहीस. आपण काही पाहिलं नाही, आपल्याला काही माहीत नाही." आई म्हणाली, "दुसऱ्याच्या वावरातलं उपटलं आणि तोंड लपवून बसू?" आणि निघाली. दुभाषी म्हणून मी मागोमाग. माझ्या मनात वॉल्ट आता गुन्हेगार होता, टीव्हीवर दाखवतात तसला. तो आमच्यावर ओरडेल किंवा आम्हाला धमकावेल, असं मी धरून चालले होते.

तो ओरडला नाही. गॅरेजमागे गेला, मोकळी झालेली माती पाहिली आणि पालथ्या बादलीवर मटकन बसला. मग त्याने जे सांगितलं ते मी वाक्य-वाक्य करून आईला मराठीत सांगत गेले. डॉटीचे पाय आखडू लागले तेव्हा कुणीतरी त्याला गांजा सुचवला. जो मिळाला त्याने पाय सैल होत, पण डॉटीचं डोकं धुक्यात जाई. एकदा तर तिने स्वतःच्या मुलीला ओळखलं नाही. म्हणून त्याने दोन वेगळ्या जाती आणल्या, एक दूरच्या डोंगराळ मुलखातली आणि एक थंडीआधी पिकणारी, आणि त्यांचा संकर केला. मग वर्षामागून वर्षं त्यातली रोपं निवडत गेला. डॉटीला जे मानवेल त्याचंच बी धरायचं, बाकीची उपटून टाकायची, दुसरा पराग लागू द्यायचा नाही. शेवटी तिचे पाय सोडवणारं आणि शब्दकोडं सुटेल इतपत डोकं ताळ्यावर ठेवणारं झाड त्याला मिळालं. त्याला नाव नव्हतं. तो 'डॉटीचं झाड' म्हणायचा. तळघरात दिव्याखाली फांद्या लावून लावून त्याने ते जगवलं होतं. मागच्या हिवाळ्यात डॉटी हॉस्पिटलात असताना घर गरम ठेवणारी भट्टी बंद पडली आणि तळघरातली सगळी रोपं गारठून मेली. मग फ्रीझरमधलं उरलंसुरलं जुनं बी काढून त्याने सगळंच्या सगळं पेरलं. त्यातलं जे थोडं उगवलं होतं ते जवळजवळ सगळं आम्ही जेवणात खाल्लं होतं. फ्रीझरमध्ये आता एक दाणाही उरला नव्हता.

"चूक माझीच," तो म्हणाला. "हवं ते तोडा, असं मीच सांगितलं होतं."

मी आईकडे पाहिलं. मला धक्का बसला होता तो ड्रग्जचा, बाबांना बसला होता तो कार्डाचा. आईचा वेगळाच होता. ती खाली मातीत बसली. "बियाणं खाल्लं मी," ती म्हणाली. "त्याईचं बियाणं खाल्लं वं माय." माझ्या आजोबांच्या घरी बियाण्याच्या मडक्याला कुणी हात लावत नसे. घरात दाणा नसला तर शेजारी उसना मागायचा, लाज सोडून मागायचा, पण बियाणं शिजवायचं नाही. त्या घरातल्या मुलीने परमुलखात दुसऱ्याचं बियाणं लसणाची फोडणी देऊन खाल्लं होतं. गांजा, पोलीस, व्हिसा यांतलं काहीही त्या क्षणी तिच्या गावी नव्हतं. मी ते वॉल्टला इंग्रजीत सांगायला लागले आणि सांगता येईना. त्यालाच ते कसं समजलं कोण जाणे. त्याने हात पुढे करून तिला उठवलं.

उठल्यावर आईने त्या दोन झाडांकडे बोट केलं. "ही मी सोडली बियाला. कोणतीच भाजी समूळ उपटू नये. सगळ्यात उंच, जोमदार होती ती ठेवली." वॉल्ट वाकून झाडं पाहू लागला. तेवढ्यात आईला दुसरं काहीतरी आठवलं आणि तिने कपाळावर हात मारला. एक जुडी तिने मुळासकट ओल्या कागदात गुंडाळून लेले काकूंना पाठवली होती.

लेले काकू पुण्याच्या, अमेरिकेत येऊन तीस वर्षं झालेल्या, केव्हाच्याच इथल्या नागरिक. आमच्या मंडळात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. चातुर्मासात त्यांच्या घरात कांदा-लसूण यायचा नाही आणि आम्हा मुलांचं शुद्धलेखन त्या आरतीच्या मध्येसुद्धा सुधारायच्या. आई घरी येऊन फोनला लागली. शेजारी बाबा हातवारे करत होते, फोनवर नाव घेऊ नको!

"वहिनी, ती काल भाजी पाठवली होती नं, ती केली काय तुम्ही?"

स्पीकरवर काकूंचा खणखणीत आवाज आला. "खरं सांगू का सुनंदा, रागावू नकोस. हा असला पाला आमच्याकडे कुणी खात नाही गं. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून भांड्यात पाणी घालून ठेवलाय ओट्यावर."

पुणेकरांनी वऱ्हाडच्या भाजीला नाक मुरडल्याचा आनंद आमच्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता, पुढेही झाला नाही. आम्ही तशीच गाडी काढली. काकू दारात भांडं घेऊन उभ्या. "दिलेली भाजी परत मागायची ही तुमच्या नागपूरकडची रीत का?" आईने मान खाली घालून जुडी घेतली. परतताना ती माझ्या पायांशी बादलीत होती, बाबा गाडी बैलगाडीसारखी हाकत होते, आणि एक पोलिसांची गाडी निम्म्या रस्त्यापर्यंत आमच्या मागे होती. ती वळून गेल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिले.

पुढचे आठवडे आई बाबांशी भांडून रोज गॅरेजमागे जायची. काकूंकडची बहुतेक रोपं माना टाकून गेली, दोन किडकिडीत तेवढी तगली. आईने सोडलेली दोन मात्र मक्याच्या वर गेली. त्यांना कळ्यांचे घोस लागले तेव्हा तिला कोण आनंद झाला! वॉल्टने एक घोस तोडून तळहातावर ठेवला आणि मान हलवली. दोन्ही नर होती. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी, आणि उंच होतो तो बहुतेक नर, एवढं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे नर पपईवाणी?" आणि पुढचं काही सांगावं लागलं नाही. वडिलांनी शिकवलेलं तिने तंतोतंत केलं होतं, आणि त्या झाडांना बी कधीच धरणार नव्हतं. सगळं आता त्या दोन किडकिडीत रोपांवर आलं. त्यातलं एक पिवळं पडून मेलं. दुसऱ्यावर एके सकाळी पांढरे केस फुटलेले दिसले आणि वॉल्ट आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर लहान मुलासारखा टकटक करत आला. ती मादी होती. नराचा पराग तिला लागला आणि थंडी पडायच्या आत तिच्यात बी भरलं.

आता आमच्या कोपऱ्यावर या पाल्याचं कायदेशीर, झगमगीत दुकान आहे, बरण्यांवर नावं आहेत, आणि माझ्या मुलीहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठा विक्रेता मला कुठली जात कशासाठी ते समजावून सांगतो. मी ऐकून घेते. या मालासाठी माझे वडील पडदे ओढून घामाघूम व्हायचे, यावर तो पोरगा विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी बोलत नाही.

पानं गळायला लागली तेव्हा वॉल्ट फोटोच्या रोलची एक छोटी डबी घेऊन आमच्या दारात आला. "निम्मं बी तुम्ही ठेवा," म्हणाला. "सगळं एका घरात ठेवण्याची चूक मी पुन्हा करणार नाही." आईचा हात पुढे झाला होता. बाबा म्हणाले, "नो." मोठ्याने नाही म्हणाले, पण म्हणाले. "वॉल्ट, आय ॲम सॉरी. मला मुलगी आहे." वॉल्टने मान डोलावली. मला बाबांची लाज वाटली. ते बरोबर होते हे कळायला मला वीस वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन लेले काकूंकडे गेली आणि पहिल्यापासून कालच्या डबीपर्यंत सगळं सांगून टाकलं. काकूंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"सुनंदा, तू मला गांजा दिलास? चातुर्मासात? मी कांदा घरात आणत नाही गं, आणि तो पाला माझ्या देवांसमोर ओट्यावर ठेवला होता मी!"

मला वाटलं, मंडळातून आमचं नाव आता गेलं. काकू उठल्या, कप आत ठेवून आल्या, पायांत बूट घातले. "चला. त्या बाईला बघायचंय मला."

डॉटी ओसरीवर नव्हती, आत होती. ते झाड गेल्यापासून तिचे दिवस वाईट चालले होते. काकू तिच्यासमोर ताठ बसल्या, हवापाण्याचं बोलल्या, आणि बोलता बोलता डॉटीचा पाय उचलला गेला. तोच आवाज. वॉल्ट धावला, पण त्याच्या आधी काकू खाली बसल्या होत्या. देवाच्या कामाआधी कुणाला शिवू न देणाऱ्या त्या बाईने डॉटीचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी बोटं सरळ करत राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. पेटका सुटला तेव्हा डॉटीचा चेहरा घामाने भिजला होता आणि काकूंचाही. पाऊल मांडीवरच ठेवून काकूंनी वॉल्टकडे हात पसरला आणि आपल्या ठसठशीत इंग्रजीत विचारलं, "व्हेअर इज दॅट डबी? अँड टेल मी प्रॉपरली, हाऊ टू कीप इट."

परत जाताना काकू गाडी चालवत होत्या. डबी काकूंच्या पर्समध्ये होती. "उकडीच्या मोदकांच्या मागे ठेवीन फ्रीझरमध्ये," सिग्नलला थांबल्यावर त्या म्हणाल्या. "ह्यांनासुद्धा सांगायची नाही." आई रडायला लागली. भाजी खाल्ल्या दिवसापासून ती एकदाही रडली नव्हती, ती आता तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडू लागली. काकूंची नजर रस्त्यावर होती.

"रडतेस काय? वसंतात पेरतील ते. आणि तू कुठूनतरी खरी अंबाडी आण आणि मला खायला घाल. कशापायी एवढं रामायण केलंस, ते बघू तरी दे."